राजपुत्राचे दोन प्रवास : अवघड खेळाचा पूर्वभाग आणि उत्तरभाग

एखादी गोष्ट लोकांना आवडली की 'पुढे काय झाले?' असा प्रश्न निघतो आणि तिचा पुढचा भाग मागितला जातो. ही मागणी फार जुनी आहे. मराठीतला 'कादंबरी' हा शब्द ज्या ग्रंथाच्या नावावरून आला, तो बाणभट्टाचा ग्रंथ सातव्या शतकात त्याच्या हातून अपुराच राहिला आणि त्याच्या मुलाने उत्तरभाग लिहून तो पुरा केला. आपल्याकडे एकनाथ महाराजांचे भावार्थ रामायण युद्धकांडात थांबले. पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने रचला, असे परंपरा सांगते. दोन्ही ठिकाणी वाचक उत्तरभाग वाचताना पूर्वभाग मनात उघडा ठेवून बसतो. उत्तरभाग रचणाऱ्याची अडचण अशी की, त्याने पूर्वीसारखेच केले तर 'यात नवे ते काय?' असे लोक म्हणतात, आणि वेगळे केले तर 'हे ते नव्हे' अशी तक्रार होते.

हा प्रश्न आम्ही येथे एका निराळ्याच क्षेत्रातून मांडू इच्छितो. ते क्षेत्र म्हणजे संगणकावरील साहसाचे खेळ. वसंतातल्या व्याख्यानांत खेळाला काय स्थान, असे कोणी विचारील. परंतु लासलगावसारख्या बाजाराच्या गावीदेखील आज घरोघरी मुलाच्या हातात मोबाइल आहे, आणि त्यावर तो जे करतो त्याचे वर्णन वडीलधारी माणसे 'गेम खेळतो' एवढ्या दोन शब्दांत संपवितात. त्या दोन शब्दांत बुद्धीला धार लावणारे खेळही येतात आणि खिसा रिकामा करणारेही. पुस्तकांत चांगले कोणते व वाईट कोणते, हे सांगणारी माणसे गावात भेटतात. खेळांत ती पारख करणारे फार थोडे. म्हणून एका प्रसिद्ध अवघड खेळाची आणि त्याच्या उत्तरभागाची तुलना करून, अवघडपणा म्हणजे नेमके काय आणि तो केव्हा हितकर ठरतो, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

तो खेळ म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. पूर्वभाग १९८९ साली निघाला आणि उत्तरभाग १९९३ साली. दोन्ही ब्रॉडरबंड या अमेरिकन कंपनीने प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात ज्यांनी १९९० नंतरच्या दशकात संगणक प्रथम पाहिला, त्यांच्यापैकी अनेकांची आणि या राजपुत्राची ओळख संगणकाच्या वर्गातच झाली. शिकवणी संपली, सर बाहेर गेले, की पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला एक तरुण तळघरातून पळू लागे, आणि त्याच्या भोवती पाचसहा जण उभे राहून 'उडी मार', 'थांब', 'गेला!' असे ओरडत असत.

पूर्वभागाची कथा चार वाक्यांत सांगता येते. इराणचा सुलतान युद्धावर गेला आहे. त्याच्यामागे जाफर नावाचा वजीर सत्ता बळकावतो आणि राजकन्येला एक तासाची मुदत देतो : लग्न कर, नाहीतर मर. तिचा प्रियकर तळघरात कोंडलेला आहे. त्याने त्या एका तासात सुटून, बारा टप्पे ओलांडून, जाफरला गाठायचे. खेळणाऱ्यालाही खरोखरचीच साठ मिनिटे मिळतात. राजपुत्र कितीही वेळा मेला तरी पुन्हा उभा राहतो, पण त्याला त्या टप्प्याच्या आरंभापासून निघावे लागते आणि घड्याळ मात्र पुढेच चालत राहते. म्हणजे या खेळात मरणाची शिक्षा मरण नाही. गेलेला वेळ ही शिक्षा आहे.

हा खेळ जॉर्डन मेक्नर या तरुणाने जवळजवळ एकट्याने केला. संगीत त्याच्या वडिलांचे. राजपुत्राची चाल, धाव आणि उडी ही त्याच्या धाकट्या भावाची आहे. भावाला एका मोकळ्या जागेत पळायला व उड्या मारायला लावून त्याने त्याचे चित्रण केले आणि एकेक चित्र गिरवून ते संगणकात उतरविले. तलवारबाजीसाठी त्याने १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या चित्रपटातील द्वंद्वाचा आधार घेतला. त्या काळी पडद्यावरची इतर माणसे ठोकळ्यासारखी सरकत असत. हा राजपुत्र मात्र धावताना वेग घेई, थांबताना दोन पावले घसरे आणि कडेला बोटांनी लोंबकळे. त्याला वजन होते. उंचावरून पडला तर तो मरतो, हे कोणी सांगावे लागत नव्हते; पाहूनच पटत होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मेक्नरचा संगणक ॲपल टू हा होता आणि त्याची स्मृती फार तुटपुंजी होती. राजपुत्राच्या हालचालींची चित्रेच इतकी जागा खात की, शत्रूच्या चित्रांना जागा उरेना. शत्रूवाचून खेळ रुक्ष होईल, असे त्याची मैत्रीण वारंवार सांगत होती. तेव्हा त्याने एक युक्ती केली. राजपुत्राचीच चित्रे घेऊन, ती किंचित सरकवून एकमेकांवर अशा रीतीने टाकली की, त्यांतून एक चमचमती छायाकृती तयार झाली. नवी जागा जवळजवळ लागली नाही आणि खेळाला प्रतिनायक मिळाला. पुढे काटकसरीने जागा काढून त्याने पहारेकरीही आणले. पण त्या खेळाचा आत्मा ती छायाच ठरली. ही हकीकत मेक्नरने स्वतः सांगितलेली आहे, आणि त्या दिवसांतली त्याची रोजनिशीही पुढे प्रसिद्ध झाली.

आता पूर्वभागाचा अवघडपणा कसा आहे ते पाहू. सापशिडीत फासा पडेल तसे आपण चढतो वा उतरतो. तिचा पूर्वज जो मोक्षपट, त्यात तर प्रत्येक शिडी पुण्याची आणि प्रत्येक साप पापाचा. फासा मात्र दोन्हींत आहेच. राजपुत्राच्या खेळात फासा नाही. जमिनीतून निघणारे भाले, कात्रीसारखी मिटणारी पाती, पाय पडताच निखळणारी फरशी, दाबली असता दार उघडणारी फरशी, हे सारे प्रत्येक वेळी त्याच जागी आणि त्याच लयीत असते. भाल्यांतून पळत गेलात तर मराल, सावकाश चालत गेलात तर वाचाल. पात्यांची लय मोजून पाऊल टाकलेत तर पार व्हाल. मरण आले की कारण तेथेच समोर दिसते, आणि पुढच्या खेपेस ते टाळणे आपल्या हाती असते.

या खेळाची दुसरी खुबी म्हणजे तो एकेक पाठ देत जातो. आरंभी राजपुत्राजवळ तलवारदेखील नाही. तलवारीवाचून पहारेकऱ्यासमोर गेले की एका घावात संपले. म्हणून आधी शोधायला शिकायचे. तिसऱ्या टप्प्यात एक हाडांचा सापळा उठून लढू लागतो. तो वार करून मरत नाही. त्याला मागे रेटत नेऊन कड्यावरून खाली पाडावे लागते. येथे कळते की तलवार हे एकच उत्तर नव्हे. चौथ्या टप्प्यात वाटेवर आरसा उभा राहतो. त्यातून धावत उडी मारावी लागते. राजपुत्र पार होतो, पण त्याच क्षणी त्याचे प्रतिबिंब दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि त्याच्या अंगात जीवशक्तीचा एकच कण उरतो. पुढे ही छाया त्याचे औषध पिऊन टाकते आणि त्याच्यासमोर दार लावून घेते. आठव्या टप्प्यात राजकन्येने पाठविलेला एक चिमुकला उंदीर येऊन फरशी दाबतो व बंद दार उघडून देतो.

बाराव्या टप्प्यात छाया तलवार उपसून समोर उभी राहते. खेळणारा आतापर्यंत शिकल्याप्रमाणे वार करतो, आणि पाहतो तो काय, तिच्यावर केलेला प्रत्येक घाव आपल्याच अंगावर उमटतो. तिला मारणे म्हणजे स्वतःला मारणे. उपाय एकच : तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्याकडे चालत जायचे. दोघे एक होतात. त्यानंतर ज्या पोकळीवर पाऊल टाकणे म्हणजे मरण वाटत होते, तेथे पाऊल पडताच वाट उमटत जाते. एक तासाच्या खेळाने अशा रीतीने आपल्याला लढायला शिकविले आणि शेवटी लढणे सोडायलाही शिकविले. हे उत्तर कोणी सांगितलेले नसते. पण ते खेळाच्या आधीच्या सर्व नियमांतून निघते. छाया आरशातून निघाली हे आपण पाहिलेले असते, म्हणून ती आपलीच आहे हे आठवणे एवढेच काम उरते.

चार वर्षांनी उत्तरभाग आला. त्याचे नाव 'छाया आणि ज्योत' अशा अर्थाचे आहे. या वेळी मेक्नरने कथा व रचना योजिली आणि प्रत्यक्ष घडणी ब्रॉडरबंडमधल्या चमूने केली. चित्रकारांनी रंगविलेली दृश्ये, निवेदन करणारा आवाज, मोठे संगीत, असा थाट होता. पूर्वभागात तुटवडा होता. उत्तरभागात सुबत्ता होती.

कथा पूर्वभागानंतर अकराव्या दिवशी सुरू होते. जाफरला मारल्याबद्दल राजपुत्राने धनदौलत नाकारून राजकन्येचा हात मागितला आहे. तो दरबारात पाऊल टाकतो तोच त्याचे रूप भिकाऱ्याचे होते. कोणी ओळखत नाही. त्याच्याच रूपात जाफर सिंहासनाजवळ उभा असतो आणि त्याला हाकलून देण्याचा हुकूम सोडतो. राजपुत्र खिडकीतून उडी घेतो, छपरांवरून पळतो, सुटत्या जहाजावर झेप टाकतो. समुद्रात वीज कोसळते आणि तो एका अनोळखी बेटावर लागतो. पुढे सांगाड्यांच्या गुहा, उडता गालिचा, सापांनी व उडत्या मुंडक्यांनी भरलेले ओसाड नगर, पक्ष्यांच्या तोंडाच्या पहारेकऱ्यांचे अग्निमंदिर आणि शेवटी बुद्धिबळाच्या पटासारखी जमीन असलेले रणांगण. वाटेत स्वप्नातली एक स्त्री सांगते की, ती त्याची आई आहे आणि तो राजकुळातला आहे.

विस्तार पाहिला तर उत्तरभाग सरस आहे, यात शंका नाही. पूर्वभाग म्हणजे एक तळघर आणि एक वाडा. उत्तरभाग म्हणजे एक संपूर्ण अद्भुत प्रवास. पूर्वभागात राजपुत्र कोण, कोठला, हे आपणाला ठाऊकच नव्हते. उत्तरभागात त्याला आई मिळाली, कूळ मिळाले, लढण्याचे कारण मिळाले. सुरुवातही कशी! पूर्वभागात निदान क्षणभर उभे राहून विचार करता येत होता. उत्तरभागात पहिल्याच क्षणी काचा फुटतात आणि पळ काढावा लागतो.

घड्याळाच्या बाबतीत तर उत्तरभागाने पूर्वभागाहून अधिक चतुराई दाखविली, असे आमचे मत आहे. वेळ पंचाहत्तर मिनिटांची आहे, पण आरंभी ती पडद्यावर दाखविलीच जात नाही. खेळणारा रमतगमत, कोपरे धुंडाळत जातो. मग एका ठिकाणी कळते की तिकडे राजकन्या जाफरच्या मंत्राने आजारी आहे आणि मरणाच्या दारी आहे. तेव्हापासून उरलेली वेळ दिसू लागते. आपण ज्याला फुरसत समजत होतो ती तिच्या आयुष्यातून वजा होत होती, हे त्या क्षणी समजते. पूर्वभागात घड्याळ ही अट होती; उत्तरभागात ती कथेतली एक घटना झाली. शिवाय मेल्यावर परत जायच्या जागा उत्तरभागात जवळ जवळ ठेवल्या आहेत, म्हणजे एका अर्थी तो अधिक दयाळूही आहे.

मग उत्तरभाग अधिक अवघड का वाटतो, आणि तरीही जुने खेळणारे पूर्वभागाचेच नाव का काढतात? याचे उत्तर दोघांच्या अवघडपणाच्या जातीत आहे.

पूर्वभागात राजपुत्राला एका वेळी एकच शत्रू भेटतो. द्वंद्व हे संभाषणासारखे चालते : त्याचा वार, आपला बचाव, आपला वार. कोण कसा लढतो हे ओळखून त्याला जिंकायचे असते. उत्तरभागात एका वेळी चारपर्यंत शत्रू येतात, कधी दोन्ही बाजूंनी घेरतात, आणि एक पडला की त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. येथे अवघडपणा वाढला खरा, पण तो संख्येने वाढला. चौथा पहारेकरी पहिल्या तिघांहून नवे काही शिकवीत नाही. बोटांचे काम वाढते. बुद्धीचे काम तितके वाढत नाही.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. उत्तरभागाचा कळस असा आहे की, राजपुत्राने आपली छाया शरीरातून मुद्दाम वेगळी करायची, त्या छायेने मंदिरातील पवित्र ज्योत हस्तगत करायची आणि त्या ज्योतीने शेवटी जाफरला जाळायचे. कल्पना अतिशय भव्य आहे. पूर्वभागात छाया चुकून निसटली होती आणि तिच्याशी समेट करावा लागला. उत्तरभागात तीच छाया आपली शक्ती होते. पूर्वभाग मीलनाचा, उत्तरभाग वियोगाचा. उत्तरभागाचे श्रेय जर कशात असेल तर ते यात आहे की, त्याने पूर्वभागातील सर्वांत मोलाची वस्तू उचलली आणि ती उलटी करून पाहिली. नुसती नक्कल करणाऱ्याला हे सुचत नाही.

परंतु ही छाया वेगळी करायची कशी, हे खेळाच्या आधीच्या नियमांतून सहज निघत नाही. अनेकांना ते मित्राकडून किंवा मासिकातल्या मार्गदर्शनातूनच कळले. पूर्वभागात तलवार म्यान करण्याचे उत्तर कळते तेव्हा आपण कपाळावर हात मारतो आणि म्हणतो, 'अरे, हे आपल्याला सुचायला हवे होते!' उत्तरभागाचे उत्तर कळते तेव्हा आपण म्हणतो, 'हे कोणाला सुचणार?' या दोन उद्गारांत दोन्ही खेळांमधला भेद पुरता आला आहे. पहिल्या उद्गारात पराभव आपला असतो आणि म्हणून विजयही आपला होतो. दुसऱ्या उद्गारात दोन्ही परके राहतात.

लासलगावच्या माणसाला हा भेद समजावून सांगायला नको, कारण तो त्याच्या रोजच्या व्यवहारातला आहे. उन्हाळ कांदा टिकविणे अवघड आहे. पण ते शिकता येते. काढल्यावर तो पातीसकट शेतातच सुकवायचा, मान ठेवून पात कापायची, चाळीत हवा खेळती ठेवायची. एका वर्षी सडला तर का सडला हे शेतकरी शोधून काढतो आणि पुढच्या वर्षी सुधारतो. याच्या उलट, माल चाळीत भरून ठेवावा, भाव चांगला असावा आणि डिसेंबर २०२३ मध्ये आली तशी एकाएकी निर्यातबंदी यावी, यातही अडचण आहेच. किंबहुना ती पहिलीहून मोठी आहे. पण ती काही शिकवीत नाही. तिच्यामुळे शेतकरी अधिक कुशल होत नाही, केवळ अधिक सावध आणि अधिक निराश होतो. पहिला अवघडपणा नियमाचा, दुसरा आकस्मिकाचा. माणूस पहिल्याने घडतो आणि दुसऱ्याने थकतो.

तथापि, या तुलनेचा अर्थ उत्तरभाग टाकाऊ आहे असा कोणी घेऊ नये. एकाच शेतात पावसाळ्यानंतर पोळ निघतो, मग रांगडा, मग उन्हाळ. पोळ कांदा चाळीत टिकत नाही म्हणून कोणी त्याला नावे ठेवीत नाही. त्याचे दिवस वेगळे, गिऱ्हाईक वेगळे. उत्तरभागाला पूर्वभागाच्या मापाने मोजताना आपण हाच विवेक ठेवला पाहिजे. ज्याला रचनेची एकजिनसी घट्ट वीण हवी त्याने पूर्वभाग खेळावा. ज्याला अद्भुत कथा, प्रदेशांची विविधता आणि धावपळ हवी त्याला उत्तरभाग अधिक आवडेल. मात्र उत्तरभागाच्या अखेरीस एक म्हातारी चेटकीण हे सर्व दुरून पाहत असल्याचे दाखवून कथा अर्धवट सोडली, आणि १९९९ सालच्या तिसऱ्या खेळाने तो धागा उचलला नाही, हे मात्र न्यूनच म्हटले पाहिजे.

या घराण्याचा पुढचा इतिहास आमच्या म्हणण्याला पुष्टी देतो. २००३ साली युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल येथील शाखेने मेक्नरच्या सहभागाने 'सँड्स ऑफ टाइम' हा नवा पूर्वभाग काढला. त्यात राजपुत्राजवळ एक कट्यार आहे; तिच्यातील वाळूच्या बळावर घडून गेलेले काही क्षण मागे फिरविता येतात. उडी चुकली तर पुन्हा उडीच्या आधीच्या क्षणी जाता येते, पण वाळू मोजकीच असते. कारण कळावे आणि लगेच सुधारता यावे, हे जे पहिल्या खेळाचे तत्त्व, त्याचीच ती नवी रचना होती. त्याला यश आले आणि पुढच्याच वर्षी, २००४ साली, त्याचा उत्तरभाग 'वॉरियर विदिन' आला. त्यात काय वाढले? लढाया वाढल्या, रक्त वाढले, अंधार वाढला. अकरा वर्षांपूर्वी जो मोह पहिल्या उत्तरभागाला पडला तोच दुसऱ्याला पडला. यावरून दिसते की, हा एका माणसाचा वा एका कंपनीचा दोष नाही. उत्तरभाग करणाऱ्यापुढे 'अधिक' करण्याची अपेक्षा उभी असते, आणि 'अधिक' म्हटले की हाताशी सर्वांत आधी संख्या येते. नवा नियम शोधणे कष्टाचे आहे. जुना शत्रू चौपट करणे सोपे आहे.

या कथेत महाराष्ट्राचाही एक अध्याय आहे. २००३ सालचा तो खेळ नव्या यंत्रांसाठी पुन्हा घडविण्याचे काम युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे आले आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याची घोषणा झाली. पहिली दृश्ये पाहून जुन्या चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली, प्रकाशनाची तारीख पुढे गेली आणि २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रियलकडे परत देण्यात आले. लोकांच्या आठवणीतली वस्तू पुन्हा घडविणे हे उत्तरभागाहूनही कठीण, कारण येथे आठवणीशीच स्पर्धा असते, आणि आठवण नेहमी मूळ वस्तूपेक्षा उजळ असते. त्याच २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने 'राजी' हा स्वतंत्र साहसाचा खेळ प्रसिद्ध केला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, राजस्थानी वाडे आणि पहाडी शैलीची चित्रे, अशी त्याची घडण आहे. दुसऱ्याच्या आठवणीची दुरुस्ती आणि आपल्या मातीतला पूर्वभाग, या दोन्ही गोष्टी मराठी मुलखात एकाच वर्षी लोकांसमोर आल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्या मुलांना यापुढे नुसते खेळायचे नसून काहींना खेळ घडवायचेही आहेत. त्यांच्या दृष्टीने ही पारख म्हणजे धंद्याचे भांडवल आहे.

आता आईबापांनी आणि शिक्षकांनी यातून काय घ्यावे? संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली आणि कसबाच्या ई-स्पोर्ट्स स्पर्धांना मान्यता दिली. कायद्याने एक रेघ ओढली. पण घरातली रेघ कायदा ओढू शकत नाही. ती घरच्या माणसांनीच ओढायची असते. त्यासाठी कोणत्याही खेळाला तीन प्रश्न विचारावेत. हरल्यावर का हरलो हे कळते काय? दुसऱ्या खेपेस पहिल्यापेक्षा शहाणे होऊन जाता येते काय? आणि खेळ पुढे अवघड होतो तेव्हा तो अधिक विचार मागतो, की केवळ अधिक वेळ व अधिक पैसा मागतो? राजपुत्राचा पूर्वभाग या तिन्ही प्रश्नांना उतरतो. उत्तरभाग काही ठिकाणी उतरतो, काही ठिकाणी अडखळतो. पण तोही बहुतांशी प्रामाणिक आहे. ज्या खेळांत हरण्याचे कारण कधीच कळत नाही आणि पुन्हा खेळण्यासाठी मात्र पैसे भरावे लागतात, ते खेळ या कसोटीस मुळीच उतरत नाहीत.

आणि हे तीन प्रश्न खेळापुरतेच आहेत असेही नाही. शाळेची प्रश्नपत्रिका अवघड काढायची म्हणजे विद्यार्थ्याला अधिक विचार करायला लावायचे, की त्याला अनपेक्षित कोपऱ्यात गाठायचे? कारागिराने शागिर्दाला पुढचे काम द्यायचे म्हणजे पहिल्या कामातून निघणारे दुसरे काम द्यायचे, की चौपट माल समोर टाकायचा? इयत्ता, धंदा, संसार, सगळीकडे पूर्वभागानंतर उत्तरभाग येतोच आणि तो अधिक अवघड असतोच. तो अवघड असण्याबद्दल तक्रार नाही. आधी जे शिकलो त्याचा तेथे उपयोग व्हावा, एवढीच माणसाची मागणी असते. ती ज्या उत्तरभागाने पुरविली, तो पूर्वभागाच्या शेजारी मानाने बसतो.